काचेआडचं ऊन: लातूरमधल्या एका मार्मोसेटचं प्रकरण

रुग्ण: मार्मोसेट (दक्षिण अमेरिकेतलं छोटं माकड), नर, वय अंदाजे १४ महिने, वजन २१२ ग्रॅम. मुक्काम लातूर शहरातल्या एका घराचा हॉल. तक्रार: आठवडाभरापासून उडी मारत नाही, मागचे पाय ओढत चालतो, केळ्याचा तुकडा तोंडात घेतो आणि टाकून देतो, सकाळी अंगाला थरथर सुटते. हे प्रकरण प्रातिनिधिक आहे. घर किंवा माणसं ओळखू येतील असा तपशील त्यात ठेवलेला नाही.

विकणाऱ्याने हा प्राणी ‘पॉकेट मंकी’, म्हणजे पिग्मी मार्मोसेट, म्हणून दिला होता. पहिली गफलत तिथेच झाली. पिग्मी मार्मोसेट हे जगातलं सर्वांत लहान माकड. पूर्ण वाढ झाल्यावरही ते १०० ते १३० ग्रॅमच्या आसपास राहतं. या नराच्या कानांवर मात्र पांढऱ्या केसांचे झुपके होते, कपाळावर पांढरा ठिपका आणि शेपटीवर गडद-फिकी वळी. ही ओळख सामान्य मार्मोसेटची, म्हणजे कॅलिथ्रिक्स जॅकसची. पिंजऱ्यात पाळलेला त्याचा प्रौढ नर ३०० ते ४०० ग्रॅम भरतो. घरच्यांचा समज असा, की सांगितलं होतं त्याच्या दुप्पट झालंय, म्हणजे अंगाला लागतंय. प्रत्यक्षात वजन निदान एक चतुर्थांशाने कमी होतं. जातच चुकीची सांगितली गेल्यामुळे घरात त्याची उपासमार चालली आहे हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

सामान्य मार्मोसेट मूळचं ईशान्य ब्राझीलचं. अटलांटिक किनाऱ्यालगतचं वर्षावन आणि त्याच्या आतल्या बाजूचा कातिंगा नावाचा काटेरी, कोरडा रानपट्टा, असा त्याचा दुहेरी मुलूख आहे. विकणारे नेमकं हेच पुढे करतात: तिकडेही काटेरी झाडं, कोरडी हवा, मग मराठवाड्यात काय बिघडतं? बिघडतं ते असं. तो मुलूख विषुववृत्ताजवळचा आहे, आणि रानातलं मार्मोसेट दुपारी सावलीच्या दाट जाळीत शिरतं, रात्री सगळ्या कुटुंबासह एकमेकांना चिकटून झोपतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० च्या पुढे जातो, जानेवारीत परभणी-लातूरकडे तो १० अंशांखाली उतरतो, आणि पिंजऱ्यातला एकटा प्राणी ना सावली शोधू शकतो, ना ऊब. त्याला मानवणारं तापमान २३ ते २८ अंश आणि आर्द्रता ४० ते ७० टक्के आहे.

दात, नखं आणि डिंक

या प्राण्याचा आजार समजून घ्यायचा तर तोंड उघडून पाहावं लागतं. मार्मोसेटचे खालचे पटाशीचे दात लांब असतात, सुळ्यांच्या बरोबरीने उभे. त्यांच्या पुढच्या बाजूला जाड इनॅमल असतं, आतल्या बाजूला जवळजवळ नसतंच. त्यामुळे दात झिजतो तसा धारदार होत जातो. प्राणी वरचे दात सालीत रोवतो आणि खालच्या दातांनी वरच्या दिशेने खरवडतो. खोडाला भोक पडतं, झाड जखम भरायला चीक आणि डिंक सोडतं, आणि तो चाटायला मार्मोसेट पुन्हा पुन्हा त्याच भोकाशी येतं, मुख्यतः पहाटेनंतर लगेच आणि संध्याकाळच्या आधी. उभ्या खोडाला चिकटून हे काम करता यावं म्हणून पायाचा अंगठा सोडून बाकी सगळ्या बोटांना चपट्या नखांऐवजी खारीसारख्या अणकुचीदार नख्या आहेत. डिंकातली गुंतागुंतीची शर्करा साध्या आतड्यात पचत नाही; तिच्यासाठी मोठं अंधांत्र, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी, आहे आणि तिथले जिवाणू ती आंबवतात.

डिंकात कॅल्शियम भरपूर असतं, हा यातला कळीचा भाग. मार्मोसेटचं दुसरं मुख्य अन्न म्हणजे कीटक, आणि कीटकांत फॉस्फरस जास्त, कॅल्शियम कमी. रानात डिंक ही तूट भरून काढतो. फळं, पालीसारखे छोटे जीव, पक्ष्यांची अंडी हे सगळं या दोन्हींच्या भोवतीचं.

लातूरच्या घरात त्याला मिळत होतं ते असं: सकाळी गाईच्या दुधात कालवलेलं बाळांचं तयार पीठ, दुपारी केळं, पपई किंवा द्राक्षं, मधूनमधून बिस्कीट, रात्री जेवताना आजीच्या ताटातला पोळीचा कुस्करा. दारात येणाऱ्या वानराला आपण पोळी, फुटाणे, केळी देतो, तोच हात इथेही चालला. “लेकरासारखं सांभाळलं ओ डॉक्टर,” हे आजीचं म्हणणं अगदी खरं होतं. प्रेम कमी नव्हतं. पण केळ्यातही कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस जास्त, डिंक नाही, कीटक नाहीत, आणि गोड-मऊ अन्नाने दातांचं कामच संपलेलं.

ऊन असून मुडदूस

लातूरसारख्या गावी, जिथे वर्षातले आठ महिने ऊन अंगावर येतं, तिथे एखाद्या प्राण्याला उन्हाअभावी मुडदूस, म्हणजे हाडं मऊ पडण्याचा आजार, व्हावा हे पटायला जड जातं. पिंजरा पूर्वेच्या खिडकीशी होता, सकाळी दोन तास ऊन थेट अंगावर यायचं. पण खिडकी काचेची आणि कायम बंद, कारण तो निसटेल ही भीती. त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील बी किरण साध्या काचेतून आत येत नाहीत. उजेड येतो, ऊब येते, नेमकं हवं ते बाहेर राहतं.

अमेरिका खंडातल्या माकडांच्या बाबतीत ही उणीव जास्तच महागात पडते. त्यांच्या पेशी ड जीवनसत्त्वाच्या सक्रिय रूपाला नीट दाद देत नाहीत, म्हणून त्यांना आपल्याकडच्या माकडांपेक्षा कितीतरी जास्त डी३ लागतं. वनस्पतीजन्य डी२ त्यांना फारसं उपयोगी पडत नाही. औषधाच्या बाटलीवर ‘व्हिटॅमिन डी’ एवढंच वाचून भागत नाही. ‘कोलेकॅल्सिफेरॉल’ (डी३) लिहिलंय का ‘अर्गोकॅल्सिफेरॉल’ (डी२), हे पाहावं लागतं.

तपासणीत खालचा जबडा बोटाने हलका दाबला तर लवत होता. एक्स-रेमध्ये हाडांच्या भिंती कागदासारख्या पातळ दिसल्या आणि उजव्या मांडीचं हाड मधोमध घडी पडल्यासारखं मोडलेलं होतं. पडल्याची काही नोंद नव्हती. अशा हाडाला साधी उडीही पुरते.

एवढ्या लहान जिवाची तपासणी कशी करावी यातही चुका होतात. छातीला आवळून धरलं तर श्वास कोंडतो, आणि मऊ पडलेल्या हाडांवर हाताची पकडही नवा अस्थिभंग करू शकते. त्याला टॉवेलसकट उचलून मास्कने आयसोफ्लुरेनची हलकी भूल दिली. भुलीआधी कुत्र्यामांजरासारखं रात्रभर उपाशी ठेवायचं नाही. दोन-तीन तास पुरेत, नाहीतर रक्तातली साखर कोसळते. रक्त वजनाच्या एक टक्क्यापेक्षा जास्त काढू नये, म्हणजे इथे २ मिलीची वरची मर्यादा. प्रत्यक्षात अर्धा मिली घेतलं. साखर ठीक होती, कॅल्शियम कमी होतं. थरथरीचं कारण तेच.

उपचार, आणि उपचारात काय चुकू शकतं

पहिल्या दिवशी कॅल्शियम ग्लुकोनेट पातळ करून, अगदी सावकाश, हृदयाचे ठोके ऐकत दिलं. ग्रामीण दवाखान्यात हाताशी असते ती गाई-म्हशींच्या दुग्धज्वराची कॅल्शियमची मोठी बाटली. ती इथे वापरायची नाही. तिच्यात बहुतेकदा मॅग्नेशियम आणि फॉस्फरसही असतं, आणि ४०० किलोच्या जनावरासाठी बनवलेल्या द्रावणातून २१२ ग्रॅमच्या प्राण्याचा डोस मोजताना एका थेंबाची चूकही जीव घेऊ शकते. कुत्र्यांसाठीच्या कॅल्शियम टॉनिकांतही अनेकदा फॉस्फरस असतं. इथे फॉस्फरसविरहित कॅल्शियम कार्बोनेटची पूड लागते.

दुसरा धोका घरातूनच आला. घरात डी३ ची ६०,००० युनिटची पुडी होती, आठवड्याला एक घ्यायची ती. “चिमूटभर टाकू का दुधात?” असं विचारलं गेलं, हे बरं झालं. मार्मोसेटला डी३ जास्त लागतं हे खरं, पण त्या पुडीची चिमूटही या आकाराला हजारो युनिटांची होते, आणि जास्तीचं कॅल्शियम मूत्रपिंडात साचून ते निकामी होतं. डी३ पशुवैद्याने थेंबांत मोजून, वजनावर ठरवून दिलं, आणि ठरावीक अंतराने रक्त पाहिलं.

मोडलेल्या हाडात सळई घातली नाही. मऊ हाड सळई धरत नाही, उलट फुटतं. त्याऐवजी पहिले सहा आठवडे बुटका पिंजरा: फांद्या जमिनीपासून वीतभरच उंच, खाली जाड कापड, उड्या मारायला जागा नाही. दुखणं कमी करणारं औषध वेगळं.

आहार बदलणं हा खरा उपचार होता आणि त्याला सर्वांत जास्त वेळ लागला. बाभळीचा डिंक लातूरच्या कोणत्याही किराणा दुकानात किंवा काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो. २० ग्रॅम डिंक ४० मिली कोमट पाण्यात रात्रभर भिजवायचा, सकाळी फडक्यातून गाळायचा, काड्या-साल काढून टाकायची. पहिल्या आठवड्यात रोज १ मिली, मग हळूहळू ४ मिलीपर्यंत. एकदम दिला तर अंधांत्रातल्या जिवाणूंना सवय नसल्याने शौचाला पातळ होते. भिजवलेला डिंक फ्रिजमध्ये दोन दिवस टिकतो, उन्हाळ्यात बाहेर ठेवला तर दुपारपर्यंत आंबतो.

तरी दहाव्या दिवशी जुलाब लागलेच. चौकशीत कळलं की डिंक म्हटल्यावर घरात तुपात तळून, कुटून, साखर घालून दिला गेला होता, लाडवाला करतात तसा. बाळंतिणीला मानवणारा तो डिंक या पोटाला नको. कच्चाच हवा, गोड काही नको. दोन दिवस डिंक बंद, पाणी-मीठ-ग्लुकोजचं द्रावण थेंबाथेंबाने, आणि नंतर पुन्हा १ मिलीपासून सुरुवात.

कीटकांची अडचण मराठवाड्यात वेगळी आहे. सोयाबीन-तुरीच्या शेतातले नाकतोडे फुकट मिळतात, पण ते फवारणीचं विष अंगात घेऊन येतात. या घराला सोयीचा मार्ग सापडला तो रेशीम शेतीचा. रेशीम अळी कीटकनाशक सहन करत नाही, त्यामुळे तुतीच्या पाल्यावर तसली फवारणी टाळली जाते. ओळखीच्या शेतकऱ्याकडून चौथ्या-पाचव्या अवस्थेतल्या अळ्या घेतल्या. अळ्या वाढवायच्या बेडवर टाकलेला चुना आणि निर्जंतुकीकरणाची पावडर जावी म्हणून पाण्यातून काढून, ताज्या पाल्यावर दिवसभर ठेवून मग दिल्या. अळीतही फॉस्फरस जास्तच, म्हणून प्रत्येक अळी कॅल्शियम कार्बोनेटच्या पुडीत घोळवून. दिवसाला दोन किंवा तीन.

बाकी दिवसभरात मिळून साधारण ४० ग्रॅम ओलं अन्न: उकडलेल्या अंड्याचे बारीक तुकडे, उकडलेलं रताळं, गाजर, गवार, भिजवलेले माकडखाद्याचे दाणे, आणि एकूण पाचव्या हिश्श्याच्या आत फळ. फळात पेरूला पसंती, कारण आपल्याप्रमाणे मार्मोसेटलाही क जीवनसत्त्व अन्नातूनच मिळवावं लागतं. दूध आणि बिस्कीट पूर्ण बंद. पाणी उकळून गार केलेलं. लातूरला टँकरचं, टाकीत साठवलेलं पाणी वापरणाऱ्या घरांनी तर हे टाळूच नये.

वजन रोज सकाळी खाण्याआधी, एक ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर. प्राण्याला धरायचं नाही. झोपायची पेटी काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणायचा, तो आपण होऊन आत गेला की आकडा लिहायचा. आठवड्यात पाच टक्के वजन घटलं तर वाट न पाहता दवाखाना.

पाचव्या आठवड्यात त्याने बाभळीच्या फांदीला खरवडायला सुरुवात केली. काटे तासून, ६ मिलिमीटरच्या बिटने दीड सेंटिमीटर खोल भोकं पाडून, त्यांत डिंक भरलेली ती फांदी पिंजऱ्यात उभी बांधली होती. भोकाशी डिंक चाटून झाला की तो पार्श्वभाग त्यावर घासायचा, मुताचे थेंब सोडायचा. घरच्यांनी घाण म्हणून फांदी रोज धुवायला काढली. तशी धुवायची नाही. गंधग्रंथींनी आपली जागा आखणं हे त्याचं धड वागणं आहे. सगळ्या फांद्या एकदम धुतल्या तर तो बेचैन होऊन दुप्पट खुणा करतो. एका वेळी एक-दोनच फांद्या धुवाव्यात.

सहा आठवड्यांनंतरचा पिंजरा चार फूट लांब, तीन फूट रुंद, साडेसहा फूट उंच, अर्ध्या इंचाच्या वेल्डेड जाळीचा, पूर्वेच्या गॅलरीत. मार्मोसेट घाबरलं की वर पळतं, म्हणून रुंदीपेक्षा उंची महत्त्वाची. युरोपीय संघाच्या प्रयोगशाळांच्या नियमातही उंची किमान दीड मीटर आहे. सकाळी सात ते साडेआठ काचेविना ऊन, पण निम्म्या पिंजऱ्यावर कायम सावली. उन्हाळ्यात वाळ्याचा कूलर खोलीत चालू, झोत अंगावर नाही. कोरड्या हवेत कूलरने थंडावा आणि आर्द्रता दोन्ही मिळतात. वीज गेली तर ओली पोती जाळीच्या एका बाजूला. थंडीत पेटीजवळ उजेड न देणारा सिरॅमिक बल्ब. आणि संध्याकाळी सहानंतर त्या भागात टीव्ही, दिवे, पाहुणे नाहीत. हा प्राणी सूर्य मावळण्याआधीच झोपायला जातो आणि जवळजवळ बारा तास झोपतो. हॉलमध्ये तो रोज रात्री अकरापर्यंत जागा असायचा.

शिट्टी

घरातल्या सर्वांना त्याची लांब, बारीक शिट्टी फार आवडायची. ‘खुशीत गातो’ असा अर्थ लावला होता. ही शिट्टी म्हणजे दृष्टीआड गेलेल्या कुटुंबीयाला दिलेली हाक. रानात मार्मोसेट अशी हाक देतं, थांबतं, काही सेकंदांत पलीकडून उत्तर आलं की पुन्हा देतं. दोघं एकमेकांचं बोलणं तोडत नाहीत. लातूरचा हा नर हाक देऊन थांबायचा, मान वळवून ऐकायचा, आणि पुन्हा द्यायचा. दिवसभर.

त्याचं रानातलं घर तीन ते पंधरा जणांचं असतं. बहुधा एकच मादी पिलं देते, बहुतेक वेळा जुळी, सुमारे पाच महिन्यांच्या गर्भारपणानंतर. ती पिलं बाप आणि मोठी भावंडं पाठीवर वागवतात. आई मुख्यतः पाजायला घेते. पिलू तीन महिन्यांच्या सुमारास दूध सोडतं, आणि पुढे धाकट्यांना पाठीवर घेऊन पालकपण शिकतं. हा नर सहा आठवड्यांचा असताना विकला गेला. दूध, उन्हातली पाठ आणि शिकणं तिन्ही एकदम तुटलं.

वयात येताच, म्हणजे सव्वा-दीड वर्षाच्या सुमारास, आणखी एक घोळ होतो. शेपूट वर करून तो पाठ दाखवतो, अंगावरचे केस फुलवतो. लोक हसून व्हिडिओ काढतात. हा इशारा असतो, आणि त्यानंतर चावा येतो. कानांचे झुपके मागे चप्प बसले असतील तर तो घाबरलेला आहे, हात पुढे करू नये. चावलं तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच सरकारी दवाखाना गाठायचा. रेबीज कुत्र्यापुरता नाही. ब्राझीलमध्ये याच मार्मोसेटमुळे माणसांना रेबीज झाल्याच्या नोंदी आहेत.

उलट बाजूचा धोका जास्त मोठा आणि कमी माहीत. माणसाच्या ओठावर ताप फुटल्यासारखे पाण्याचे फोड येतात ते हर्पीसचे. आपल्याला चार दिवसांचा त्रास. मार्मोसेटला तो विषाणू मेंदूपर्यंत जाऊन मारतो. घरातल्या नातवाला अधूनमधून असे फोड यायचे आणि तोच याचे मुके घ्यायचा. ते त्याच दिवशी बंद करायला सांगितलं. गोवर, क्षय आणि मांजराच्या विष्ठेतून येणारा टॉक्सोप्लाझ्मा यांचीही तीच गोष्ट.

कागद आणि पुढचं

सामान्य मार्मोसेट साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याची २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि असे प्राणी अनुसूची ४ मध्ये आले. २८ फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनुसार ते आधीपासून पाळणाऱ्याने सहा महिन्यांत (ती मुदत २०२४ मध्येच संपली), आणि त्यानंतर मिळालेल्या प्राण्याची ३० दिवसांत, केंद्र सरकारच्या परिवेश २.० पोर्टलवर मुख्य वन्यजीव रक्षकांकडे नोंद करायची आहे. जन्म आणि मृत्यूही कळवायचे. या घराकडे फक्त हाताने लिहिलेली पावती होती. त्यांना वन विभागाशी स्वतःहून बोलायला सांगितलं. लपवलं तर पशुवैद्यही उघडपणे उपचार करायला कचरतो आणि भोगतो तो प्राणी.

‘मग येडशीच्या जंगलात सोडून देऊ का’ हा प्रश्न आलाच. नाही. हाताने वाढलेला एकटा मार्मोसेट मांजर, कुत्रा किंवा थंडीपुढे टिकणार नाही, आणि टिकलाच तर ते जास्त वाईट. ब्राझीलच्याच आग्नेय भागात माणसांनी सोडलेली सामान्य मार्मोसेट आज तिथल्या धोक्यात आलेल्या कॅलिथ्रिक्स ऑरिटा या दुसऱ्या मार्मोसेटशी संकर करत आहेत. आपल्या जागेबाहेर सोडलेला प्राणी कुणाचीच सुटका करत नाही.

पाच महिन्यांनी वजन २८८ ग्रॅम. मांडीचं हाड जुळलं, पण किंचित वाकडं; उडी तो डाव्या पायावर घेतो. जबडा घट्ट झाला आहे, दोन दात तिरपे राहतील. शिट्टी थांबलेली नाही. तिला उत्तर देणारं दुसरं मार्मोसेट हाच उपाय, आणि त्याचा क्रम असा ठरला आहे: आधी याची नोंदणी पूर्ण, मग नोंद असलेली प्रौढ मादी, महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवून शौच आणि रक्ताची तपासणी, मग शेजारी-शेजारी पिंजरे आणि मध्ये जाळी, एकमेकांकडे पाहून मऊ किलबिल ऐकू येऊ लागली की देखरेखीखाली एकत्र. त्याआधी नराची नसबंदी. मादी व्यायल्यावर दहा-बारा दिवसांत पुन्हा गाभण राहू शकते, आणि दर पाच-सहा महिन्यांनी जुळी झाली तर हीच पिलं पुन्हा कुणाच्या तरी हॉलमध्ये जातील. पुढचा एक्स-रे आठ आठवड्यांनी; हाडाची भिंत तोवर जाड झालेली दिसली नाही तर नसबंदीची भूलही पुढे ढकलायची.